एका प्रतीचा पेपर

जावईबापूंच्या घरी आजवर जी संकटं आली ती रीतसर दारावरची बेल वाजवून आली. हे एकच असं, की ते आलं नाही आणि न येणं हेच संकट होतं. रोज सकाळी साडेपाचला दारात पडणारा पेपर एक तारखेपासून पडेनासा झाला.

जावईबापू हे नाव त्यांना सासऱ्यांनी दिलेलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, डोक्यावरचे केस निम्म्यावर आले, पाणीपुरवठा कार्यालयात वरिष्ठ लिपिक म्हणून बढती मिळाली, तरी नाव काही बदललं नाही. उलट ते इमारतभर पसरलं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहत, त्यांना सगळे बँकवाले म्हणत, ते जिन्यात भेटले की खुशाल "काय जावईबापू!" म्हणून हाळी देत. वास्तविक सासरे अकरा वर्षांपासून यांच्याकडे राहायला आले होते. म्हणजे या घरात घरजावई नव्हता, असलाच तर घरसासरा होता. पण हा मुद्दा बँकवाल्यांना पटवून देण्याचा नाद जावईबापूंनी केव्हाच सोडला होता.

सासरे अडतीस वर्षं त्या पेपरात मुद्रितशोधक होते. छापायच्या आधी प्रत्येक ओळ वाचायची आणि चुका काढायच्या, हे त्यांचं काम. या कामाची गंमत अशी, की ते नीट केलं तर कोणाला दिसत नाही आणि एक दिवस चुकलं की गावभर बोभाटा होतो. "आजच्या पेपरात एकही चूक नव्हती बरं का," असं सांगायला अडतीस वर्षांत एकही वाचक आला नाही. निवृत्त झाल्यावरही सासऱ्यांनी काम सोडलं नाही. पहाटे उठून, आंघोळ करून, खिडकीजवळच्या टेबलाशी लाल पेन घेऊन बसायचे आणि छापून आलेला पेपर पहिल्या पानापासून तपासायचे. काना-मात्रा-वेलांटीत त्यांना फारसा रस नव्हता. त्यांची शिकार मोठी असे. पहिल्या परिच्छेदात मेलेला माणूस चौथ्या परिच्छेदात पोलिसांना जबाब द्यायचा. तीन जखमींची नावं मोजली की चार भरायची. प्रदर्शनात पहिल्या आलेल्या घोड्याच्या फोटोखाली सभापतींचं नाव असायचं आणि सभापतींच्या फोटोखाली 'वय चार वर्षे'. आठवडाभराचे असे लालेलाल पेपर दोऱ्याने बांधून ते दर शनिवारी संपादकांना पोस्टाने पाठवत. अकरा वर्षांत एकदाही उत्तर आलं नाही.

"उत्तर कशाला हवं?" सासरे म्हणत. "दुरुस्ती झाली की पुरे."

दुरुस्तीही होत नव्हती, पण ते कोणी बोलत नसे.

मग तो पेपर एका समूहाने विकत घेतला. समूहाकडे सिमेंटचा कारखाना होता, एक चॅनल होतं, दोन रुग्णालयं होती आणि आता वाचकही हवे होते. समूहाने वर्षभर पेपरकडे नीट पाहिलं आणि त्यात कागद फार आहे असा निष्कर्ष काढला. शेवटच्या अंकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'आम्ही बंद होत नाही आहोत, आम्ही आता थेट तुमच्या हातात येत आहोत!' म्हणजे मोबाइलमध्ये. सासऱ्यांनी ते दोनदा वाचलं, शेजारी लाल शाईने लिहिलं, 'आजवर कुठे होतो?' आणि पेनला टोपण लावलं.

टोपण लागलं खरं, पण सवय कुठे जाणार? दुसऱ्या दिवसापासून लाल पेन घरात मोकाट सुटलं. आधी विजेचं बिल तपासून झालं. मग औषधांच्या बाटल्या झाल्या. मग जिन्यातली 'लिफ्ट उद्यापासून दोन दिवस बंद राहील' ही सूचना, जी गेले पाच महिने तशीच लटकत होती, तिच्यावर 'कोणत्या उद्यापासून?' असा लाल प्रश्न उमटला. तळमजल्यावरच्या शिलाईवाल्या काकू मापांची वही विसरून गेल्या, तर तीत एका बाईंची कंबर दोन पानांवर दोन वेगवेगळी निघाली. सासऱ्यांनी दोन्हींवर खूण केली आणि समासात लिहिलं, 'एक निश्चित करावे.' त्या बाई खालच्याच गल्लीतल्या होत्या. त्यांनी शिलाईवाल्या काकूंशी बोलणं टाकलं.

इथवर जावईबापू हसत होते. पण एका शुक्रवारी त्यांनी कार्यालयातलं एक परिपत्रक घरी आणलं आणि चुकून टेबलावर ठेवलं. साहेबांच्या सहीचं, मूळ प्रत. बुधवार दिनांक चौदा रोजी बैठक आहे, सर्व पाच अभियंत्यांनी हजर राहावे, असं त्यात होतं. सासऱ्यांनी चौदा तारखेला मंगळवार आहे हे दाखवलं, खाली नावं सहा आहेत हेही दाखवलं आणि साहेबांच्या सहीशेजारी, जागा होती म्हणून, लिहिलं, 'लेखकाने सही करण्यापूर्वी वाचावे.' सोमवारी ते परिपत्रक तसंच फाइलमध्ये गेलं. मंगळवारी जावईबापूंच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. आता शहाण्या माणसाने ती बॅगेतच ठेवावी की नाही? यांनी ती बायकोला दाखवायला बाहेर काढली. 'नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांत, म्हणजे काल सायंकाळपर्यंत, खुलासा करावा,' असं तीत होतं. सासऱ्यांचे डोळे लकाकले.

जावईबापूंनी कपाळावर हात मारून घेतला. पण त्याच आठवड्यात एक सकाळ अशी उजाडली, की त्यांना नोटिशीचा विसर पडला.

"अहो, साडेसात झाले," बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हळू आवाजात म्हणाली. "बाबा अजून उठले नाहीत. जागे आहेत, नुसते पडून आहेत. मी विचारलं तर म्हणाले, उठून करू काय? आणि हे मला दिलं." तिच्या हातात लाल पेन होतं. "म्हणाले, सामानाची यादी करायला होईल तुला."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. जावईबापूंना आत काहीतरी लागलं. सासऱ्यांवर त्यांचा बावीस वर्षं थोडा राग होता, तो तसा सगळ्याच जावयांचा असतो. पण साडेपाचला उठून बसणारा माणूस साडेसातला भिंतीकडे तोंड करून पडलेला त्यांना पाहवेना.

"रडू नकोस," ते म्हणाले. "उद्यापासून पेपर येईल."

बोलून गेले. कसा येईल हे ठरवायचं राहिलं होतं.

सल्ला द्यायला बँकवाले होतेच. सल्ला द्यायचा म्हटलं की त्यांना दोन जिने उतरणं जड जात नसे. "सोपं आहे हो जावईबापू. मोठ्या पडद्याचा टॅब घ्या. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. काळाबरोबर चालायला शिका!" टॅब आणला. सासऱ्यांना उठवून खुर्चीत बसवलं, बायकोने समूहाचं अ‍ॅप उघडून दिलं. सासरे पाच मिनिटं वाचत राहिले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. पूरग्रस्तांच्या संख्येत शून्य जास्त होतं. त्यांनी पेन मागून घेतलं आणि थेट काचेवर लाल खूण केली. खालच्या ओळीत आणखी एक केली. मग बँकवाल्यांनी मदत म्हणून बातमी बोटाने वर सरकवली. बातमी गेली, दुरुस्त्या जागीच राहिल्या. आता त्या खुणा एका नटीच्या लग्नावर पडल्या होत्या आणि तिच्या नवऱ्यापुढे 'शून्य काढा' असं लिहिलेलं दिसत होतं.

"हे जागेवर थांबत नाही," सासरे म्हणाले आणि टॅब उपडा ठेवला. काच पुसायला बायकोला अर्धा तास लागला.

तेव्हा जावईबापूंनी ठरवलं, की पेपर छापायचा. घरीच. एक प्रत.

ज्याने कधी साधं हळदीकुंकवाचं आमंत्रणही छापून घेतलं नाही, त्या माणसाने दैनिक काढायला घेतलं. छोटा प्रिंटर आणला. पहिल्या दिवशी 'छापा' म्हटलं तर एकवीस पानं आली. पहिल्या पानावर 'आम्ही तुमची माहिती साठवतो, मान्य आहे?' एवढंच होतं. पुढची अकरा पानं केसांच्या तेलाची. मग एक बातमी, 'हे वाचून तुम्हाला धक्का बसेल', आणि खाली दोन ओळींनंतर 'पुढे वाचा', त्यानंतर पुन्हा तेल. सासऱ्यांनी सगळं वाचलं. धक्क्याच्या बातमीशेजारी त्यांनी लिहिलं, 'बसला नाही.' पण लिहिलं! बायकोने आतून खूण केली, की चालू ठेवा.

मग जावईबापू रीतसर कामाला लागले. संध्याकाळी अ‍ॅपमधल्या बातम्या उचलायच्या, तेल गाळायचं, रकाने पाडायचे. पण घरच्या प्रिंटरचा कागद पडला वहीएवढा. पेपर म्हटलं की दोन्ही हात फाकवून धरता आला पाहिजे. कार्यालयात जलवाहिन्यांचे नकाशे छापायचं एक मोठं यंत्र होतं. त्यावर पेपर छापत चार दिवस सगळं सुरळीत झालं. जावईबापू शेवटी निघत आणि काखेत गुंडाळी घेऊन जिना उतरत.

"नकाशा का साहेब?" दारावरचा पहारेकरी विचारी.

"हो. जगाचा," जावईबापू म्हणत, आणि स्वतःच्या विनोदावर घरापर्यंत खूश असत.

पाचव्या दिवशी गुंडाळी बदलली. घरी आली ती उत्तर भागातली मुख्य जलवाहिनी. सासऱ्यांनी तीही तपासली, त्यात दोन झडपांना एकच क्रमांक सापडला, तो भाग वेगळा. इकडे पेपर नकाशाच्या फाइलमध्ये शिरला आणि वरच्या वर चढत गेला. तीन दिवसांनी तो परत आला तेव्हा क्रिकेटच्या सामन्यावर सहा सह्या होत्या. कनिष्ठ अभियंत्यांनी 'तपासले', उपअभियंत्यांनी 'सहमत', लेखा विभागाने 'तरतूद उपलब्ध' असं लिहिलं होतं आणि सर्वांत वर, साहेबांच्या हिरव्या शाईत, 'स्थळपाहणी करून तातडीने खोदकाम सुरू करावे.'

साहेबांनी जावईबापूंना आत बोलावलं. दार लावून घेतलं. ते पान दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवलं. कार्यालयाचं यंत्र घरच्या कामाला वापरलं म्हणून जावईबापूंवर कारवाई करायची, तर हे पान पुरावा म्हणून जोडावं लागणार होतं. आणि पान जोडायचं, तर सही साहेबांची होती.

"ती कारणे दाखवा नोटीस," साहेब शेवटी म्हणाले, "तुमच्याकडेच आहे ना? मला परत आणून द्या. मिळाली नव्हती असं समजा."

नोकरी वाचली, मोठं यंत्र गेलं. तेव्हापासून घरच्या प्रिंटरचे दोन-दोन कागद डिंकाने जोडून पान तयार होऊ लागलं. चिकटवायचं काम बायको करी. पहाटे पेपर दारात टाकायचं काम मात्र जावईबापूंचं. दार उघडायचं, पेपर बाहेर टाकायचा, दार लावायचं, आणि सासरे येऊन दार उघडेपर्यंत थांबायचं. आतल्या आत हातात दिलेला पेपर सासऱ्यांना चालत नव्हता.

सगळं मार्गी लागलंसं वाटलं, तोच शनिवार आला. सासऱ्यांनी गठ्ठा बांधला, पोस्टात टाकला आणि नऊ दिवसांनी तो परत आला. पेपरच्या जुन्या कचेरीत आता सोफ्यांचं दुकान होतं. सोफेवाल्यांनी पाकिटावर सभ्यपणे लिहिलं होतं, 'येथे कोणी वाचत नाही.'

सासरे त्या ओळीकडे बघत बसले. त्यात त्यांना काहीच दुरुस्त करता आलं नाही.

"पाठवतो मी मामा," जावईबापू घाईघाईने म्हणाले. "अ‍ॅपमध्ये 'चूक कळवा' असं बटण आहे. एकेक करून कळवतो."

दिवसाला चाळीस चुका. आधी बातम्या उचला, मग छापा, मग चिकटवा, मग तपासून आलेल्या चुका एकेक करून कळवा. जावईबापूंच्या नाकी नऊ आले. पण पहिली चूक कळवताच मोबाइल टिंग वाजला आणि उत्तर आलं, 'धन्यवाद! तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.'

"काय? उत्तर?" सासरे खुर्चीतून उठलेच. "वाचा, पुन्हा वाचा." लेकीला बोलावून ऐकवलं, बँकवाल्यांना बोलावून ऐकवलं. अकरा वर्षांत आलेलं पहिलं उत्तर! मग दुसरं आलं, तिसरं आलं. चौथ्याला सासऱ्यांनी मोबाइल हातात घेतला आणि चारही उत्तरं ताडून पाहिली.

"हे माणसाने लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "माणसाला चार वेळा तंतोतंत तेच लिहिता येत नाही. कुठेतरी काहीतरी राहतंच."

तरी कळवणं थांबलं नाही. तिसऱ्या आठवड्यात अ‍ॅपनेच अडवलं. इतक्या चुका माणूस काढू शकत नाही, सबब आपण यंत्र असल्याचा संशय आहे. आपण माणूस असल्याचं सिद्ध करा. पुढे नऊ चित्रं. ज्यांत बस दिसते ती निवडा. सत्तावीस वर्षं नोकरी केलेल्या, दोनदा गुणवंत कर्मचारी ठरता ठरता राहिलेल्या माणसाने आपण माणूस आहोत हे बस ओळखून सिद्ध करायचं! जावईबापूंनी चष्मा पुसला, निवडल्या. चूक. पुन्हा निवडल्या. चूक. एका चौकोनात बसचा नुसता आरसा होता; तो बसमध्ये धरायचा की नाही, यावर घरात दोन तट पडले. बँकवाले म्हणाले, "आरसा ही बसची मालमत्ता आहे, धरा." शेवटी माप घ्यायला वर आलेल्या शिलाईवाल्या काकूंनी उभ्या उभ्या चार चित्रांवर बोट दाबलं आणि जावईबापू माणूस ठरले. हा अपमान त्यांनी मूग गिळून सोसला.

दोन महिने असे गेले आणि एका रविवारी बेल वाजली. दारात गळ्यात ओळखपत्र घातलेली एक तरुणी होती. समूहाकडून आली होती. वाचक-अनुभव प्रमुख, असं तिचं पद होतं. जावईबापूंची पाचावर धारण बसली. पेपर छापल्याबद्दल खटलाच येणार, अशी त्यांची खात्री झाली आणि त्यांनी चिकटवायला घेतलेलं पान घाईघाईने सतरंजीखाली सरकवलं.

"सर, तुमच्या खात्यावरून दोन महिन्यांत दोन हजार चारशे चुका कळवल्या गेल्यात," ती म्हणाली. "त्यातल्या दोन हजार चारशे बरोबर होत्या. आमच्या वरिष्ठांना वाटतंय, की हे दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर आहे. मला ते बघायला पाठवलंय."

जावईबापूंनी खिडकीकडे बोट केलं. सॉफ्टवेअर खुर्चीत बसून चहा पीत होतं.

तरुणीने टेबलावरची लाल पानं एकेक उलटून पाहिली. मग तिने टॅब उघडला. "आजोबा, तुमची प्रक्रिया काय असते?"

"वाचतो," सासरे म्हणाले.

"आणि त्यानंतर?"

"पुन्हा वाचतो."

तिने ते लिहून घेतलं. सासऱ्यांनी विचारलं, "तुमच्याकडे हे काम कोण करतं?"

"आमच्याकडे... तसं वेगळं कोणी नाही," ती जरा चाचरली. "वाचक कळवतात ना."

सासरे इतके हसले, की त्यांना ठसका लागला. पोरगी वाईट नव्हती. तीही हसली, चहा घेतला, दुसरा कप मागून घेतला आणि जाताना म्हणाली, "आजोबा, ही तपासलेली सगळी पानं मला द्याल? आम्ही एक नवीन प्रणाली तयार करतोय. तिला यावरून शिकवता येईल, चुका कशा शोधायच्या ते."

अडतीस वर्षं आणि वर अकरा. एवढ्या काळात कोणी तरी पहिल्यांदाच त्यांच्याकडे काही मागत होतं. सासऱ्यांनी कपाटावर साठलेले दोन महिन्यांचे सगळे गठ्ठे स्वतः उतरवले, धूळ झटकली, दोरे बदलले. ती गेल्यावरही दोन दिवस त्यांचं चालू होतं, "माझं अक्षर लागेल ना हो तिला? सातचा आकडा काढताना मी जरा घाई करतो." जावईबापूंनी ताठ मानेने बँकवाल्यांना जिन्यात गाठलं आणि सांगितलं, की समूहाने आमच्या मामांचं मार्गदर्शन घेतलंय.

मग एका सोमवारी सासऱ्यांनी पेपर वाचला, पहिल्यापासून पुन्हा वाचला आणि पेन खाली ठेवलं. "एकही नाही!" ते म्हणाले. आवाज आनंदाने कापत होता. ते स्वतः जिना चढून बँकवाल्यांना सांगायला गेले. निर्दोष अंक! अडतीस वर्षं पाहिलेलं स्वप्न होतं ते. मंगळवारीही एकही चूक नव्हती. बुधवारी ते म्हणाले, "चांगला काढतायत आता पेपर," आणि पानाची घडी घालून ठेवली. गुरुवारी ते आठपर्यंत उठले नाहीत.

जावईबापूंनी समूहाच्या मदत क्रमांकावर फोन लावला. आत नुसता आवाज होता. बातमीत चूक आढळल्यास एक दाबा, अ‍ॅप उघडत नसल्यास दोन दाबा. बातमीत चूक आढळत नसल्यास काय दाबायचं, ते सांगितलं नव्हतं. त्यांनी एक दाबून पाहिलं.

"तक्रार नोंदवा," आवाज म्हणाला.

"चुका संपल्यात," जावईबापू म्हणाले. "आमच्या घरी माणूस झोपून आहे."

"आपली तक्रार समजली नाही. रुग्णवाहिकेसाठी समूहाच्या रुग्णालयाशी जोडत आहोत."

त्यांनी फोन ठेवला. आत सासरे भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि बायको काही न बोलता नुसती बघत होती. यापेक्षा ती बोलली असती तर परवडलं असतं.

त्या दिवसापासून जावईबापू पाचला उठू लागले आणि पेपरात स्वतः चुका घालू लागले.

वाटतं तितकं ते सोपं नाही. कार्यालयात ज्या चुका त्यांच्या हातून रोज सहज होत, त्या मुद्दाम करायला गेलं की एकही सुचेना. पहिल्या दिवशी त्यांनी धरण चारशे टक्के भरलं आणि महापौरांचं वय दोनशे साठ केलं. सासरे उठले, वाचलं, चार मिनिटांत सगळ्या खुणा केल्या आणि चष्म्यावरून एकदा जावयाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मदतीला इमारत आली. "टक्केवारीत घाला," बँकवाले कुजबुजले, "तिथे कोणी बघत नाही, मी अनुभवाने सांगतो." शिलाईवाल्या काकू म्हणाल्या, "लग्नाच्या बातमीत नवरा हिचा आणि बायको त्याची लावा." जावईबापू याद्या करू लागले. जेवताना हात थांबवून बायकोला म्हणत, "नदी डोंगर चढताना दाखवू का?" सासरे साडेपाचला उठू लागले होते, पेन चालू होतं. आता या जन्मात आपल्याला दुसरं काम नाही, अशी जावईबापूंनी मनाची तयारी केली.

आठव्या दिवशी तपासून झाल्यावर सासऱ्यांनी हाक मारली. "जावईबापू, बसा जरा."

ते बसले.

"ही तिसऱ्या रकान्यातली चूक बघा. बळंच केलेली आहे. आणि ही. प्रत्येक बातमीत एकेक, नीट वाटून दिल्यासारखी. असं नसतं हो. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांपैकी एकाच्या चुका जेवणाच्या सुट्टीआधी व्हायच्या, दुसऱ्याच्या बायको माहेरी गेली की व्हायच्या. चूक करणाऱ्या माणसाला चूक करायचीच नसते. त्याला घरी जायचं असतं. तुमच्या चुकीला कुठे जायची घाईच नाही."

जावईबापूंचा चेहरा पडला. "म्हणजे तुम्हाला... कधीपासून?"

"धरणापासून."

"मग बोलला का नाहीत?"

सासऱ्यांनी पेन टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं. "तुम्ही पाचला उठून बसता. जीभ दातांत धरून विचार करता. मला खोलीतून दिसतं." ते थांबले. "जन्मभर मी लोकांच्या चुका काढल्या, जावईबापू. माझ्यासाठी म्हणून कोणी चूक केली नव्हती."

बावीस वर्षांत सासरे-जावयात असं बोलणं झालं नव्हतं आणि त्यावर काय म्हणायचं असतं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून जावईबापूंनी पान ओढून घेतलं आणि लाल खुणा मोजल्या.

"पण मामा, आज तुम्हाला एकोणीसच सापडल्या," ते म्हणाले. "मी वीस घातल्या होत्या."

सासऱ्यांचा नूरच पालटला. "वीस?"

"वीस. यादीत शेवटचा आकडा वीस आहे."

"शक्य नाही. दोनदा वाचलंय मी."

"वाचलं असेल," जावईबापू म्हणाले, आणि त्यांना बावीस वर्षांत प्रथमच या घरात आपलं काही वजन आहे असं वाटलं.

दिवसभर सासरे त्या पानावरून हलले नाहीत. चहा गार झाला. बँकवाले सल्ला द्यायला आले तर त्यांना हाताने थोपवलं. दुसऱ्या दिवशी जावईबापू पाचला उठले, तर खिडकीजवळचा दिवा आधीच लागलेला. सासरे आंघोळ करून, केस विंचरून बसले होते, समोर कालचंच पान, हातात पेन.

"आजचा पेपर सावकाश टाका," मान वर न करता ते म्हणाले. "कालचा व्हायचाय अजून."

जावईबापू स्वयंपाकघरात गेले आणि नवी चूक शोधायची म्हणून खिशातून कालची यादी काढली. क्रमांक घालून व्यवस्थित लिहिली होती. एक, दोन, तीन... नऊ, दहा, बारा. ते थबकले. पुन्हा बोट ठेवून बघितलं. दहानंतर बारा. अकरा लिहायचा राहिला होता. काल आंघोळीचं पाणी उतू जात होतं, कार्यालयाला उशीर होत होता.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. चहा टाक," जावईबापू म्हणाले आणि त्यांनी यादीची बारीक घडी घालून खिशात अगदी तळाशी सारली.

बाहेरून पान उलटल्याचा आवाज आला आणि मागोमाग सासऱ्यांचा, चांगला खणखणीत, "सांगायची नाही हं, जावईबापू! मी शोधतो!"

"नाही सांगत, मामा."